पोटाला कान लावणाऱ्या सिस्टर

हिवराळे सिस्टरांच्या मांडीवर कुणी ससा आणून ठेवला, तर त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. आधी शेपटीखाली बघत. तिथले केस कोरडे आहेत की चिकटलेत, हे पाहून झालं की पोटाला हात लावत. दोन्ही बाजूंनी, बोटांच्या पेरांनी, कच्चं अंडं धरावं इतकं हलकं. मग स्टेथोस्कोप कानाला. तेवढा वेळ खोलीत कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पोट आतून वाजतंय अशी खात्री पटली, की मगच त्या सशाच्या डोळ्यांत बघत आणि एखाद्या शाळकरी पोराला विचारावं तसं विचारत, "हं, काय म्हणतोस?"

संभाजीनगरला माझी बदली झाली तेव्हा पडेगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले. माझ्या घरची माणसं नांदेडला. आठवडाभर बँक आणि ती खोली, शनिवारी गाडी पकडून घरी. खाली सिस्टर एकट्या. आम्ही दोघी एकमेकींच्या पावलांच्या आवाजावरून घरात काय चाललंय ते ओळखायला लागलो, पण बरेच महिने बोलणं मात्र नळाच्या पाण्यापुरतंच होतं. पाणी येणार असलं की त्या जिन्याखालून हाक मारायच्या, "मॅडम, भांडी लावा."

त्या मूळच्या सोयगावकडच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात झालेली. मिस्टर शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत गेले. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, लग्न होऊन बंगळुरूला. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याशेजारी मिस्टरांचा फोटो. रोज सकाळी सिस्टर एकाच मऊ फडक्यानं तिन्ही पुसत. नोकरी सुटून वर्षं झाली तरी वॉर्डाच्या सवयी सुटल्या नव्हत्या. हात धुतले की कोपरापर्यंत धुवायच्या आणि वाळेपर्यंत दोन्ही हात वर धरून उभ्या राहायच्या. दारात आलेल्या माणसाला वाटायचं, या आपल्याला शरण आल्यात.

त्यांचं एक बोलणं मी पुष्कळदा ऐकलं. वॉर्डात नवी नर्स आली की त्या तिला म्हणायच्या, "लेकरू रडतंय तवर भ्यायचं नाय. गप झालं की डॉक्टरकडं पळायचं." ससे घरात आले तेव्हा त्यांची पहिली अडचण हीच झाली. ससा रडतच नाही. पोटात कळ आली तरी तो कोपऱ्यात अंग चोरून गप बसतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणा आहे.

ससे आले ते दिवाळीच्या सुटीत. प्रज्ञा आणि तिची आठ वर्षांची सान्वी आल्या होत्या. घरात एरवी नसलेला आवाज होता. प्रज्ञा रविवारच्या बाजारात गेली आणि सान्वीच्या हट्टापायी सशाची दोन पिल्लं घेऊन आली. एवढी लहान की दोन्ही एका ओंजळीत बसत. आईचं दूध सुटायच्या आधीच विकायला आणलेली होती, पण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सान्वीनं त्यांना लाडू आणि चिकू अशी नावं ठेवली. लाडू पांढरा, चिकू तपकिरी. मग त्यांचे लाड सुरू झाले. दुधात भिजवलेला ब्रेड, बिस्किटं, गाजराचे तुकडे, द्राक्षं, चिवड्यातले पोहे. पिल्लं खायची आणि सान्वी टाळ्या वाजवायची. सिस्टरही कौतुकानं बघायच्या. खाणारं लेकरू त्यांनी आयुष्यभर चांगलंच मानलं होतं.

सुटी संपली. विमानात ससे घेत नाहीत म्हणून ते आजीकडे राहिले. निघताना सान्वी रडली आणि तिनं आजीकडून वचन घेतलं, की रोज व्हिडिओ कॉलवर दोघांना दाखवायचं. सिस्टरांनी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लाडूला जुलाब लागले.

मी बँकेतून आले तेव्हा सिस्टर ओट्यापाशी उभ्या होत्या. साखर-मिठाचं पाणी तयार होतं, भाताची पेज निवत ठेवली होती, ड्रॉपर उकळत्या पाण्यातून काढलेला होता. मी पहिल्यांदाच त्यांना अशा हालचाली करताना बघत होते. कुठंही घाई नाही, एकही भांडं वाजलं नाही. लहान मुलांना देतात ते अँटिबायोटिकचं सिरप त्यांनी मेडिकलमधून आणलं होतं. पिल्लाच्या वजनाचा अंदाज घेऊन त्यातले थोडे थेंब त्यांनी त्याच्या तोंडाच्या कडेतून आत सोडले. मला म्हणाल्या, "उद्यापर्यंत बांधलं जाईल बघा." त्यांच्या आवाजात एवढा भरवसा होता की मी निर्धास्त वर गेले.

दुसऱ्या दिवशी लाडूचं पोट फुगलं. त्यांनी पुन्हा औषध दिलं. त्याच्या पुढच्या दुपारी तो त्यांच्या मांडीवरच गेला.

त्यांनी त्याला अंगणातल्या कढीपत्त्याखाली पुरलं. चिकूला काही झालं नव्हतं, पण जपलेलं बरं म्हणून तेच औषध त्यालाही द्यायचं त्यांच्या मनात होतं. बाटली उघडली आणि थांबल्या. का थांबल्या ते त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. "हात पुढं जाईना गेला," एवढंच म्हणाल्या. चिकूला टोपलीत घालून, बाटली पर्समध्ये टाकून त्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाल्या. मला सुटी होती, मीही बरोबर गेले.

डॉक्टर शेख नावाची तरुण मुलगी होती, मूळची सिल्लोडची. दवाखाना लहान, बाकावर कुत्री आणि मांजरं घेऊन माणसं बसलेली. डॉक्टरांनी चिकूला तपासलं, काय काय खायला दिलं ते विचारलं आणि मग विचारलं, की आधीच्या पिल्लाला कुठलं औषध दिलं होतं. सिस्टरांनी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून लेबल वाचलं आणि पुन्हा होती तशी ठेवली.

"आंटी, हे नका देऊ याला," त्या म्हणाल्या. मग हळूहळू समजावून सांगितलं. सशाच्या पोटात चांगल्या जंतूंची वस्ती असते. गवत पचतं ते त्यांच्या जिवावर. पिल्लाच्या पोटात ती वस्ती नुकती बसत असते, आईपासून लवकर तोडलं तर धड बसतही नाही. वरून गोड, मैदा, दूध गेलं की बिघडते. आणि हे औषध तोंडावाटे दिलं की उरलीसुरली मरून जाते.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी हेच देऊन लेकरं उभी केली, डॉक्टर."

"लेकरांना चालतं. सशाला नाही चालत."

"म्हणजे ते जुलाबानं नाय गेलं. माझ्या हातानं गेलं."

"तसं नका म्हणू आंटी. औषध नसतं दिलं तरी वाचलं असतं, असं मी सांगू शकत नाही."

"पण औषधानं काय झालं, ते सांगू शकता ना?"

डॉक्टरांनी चिकूच्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरांनी मान हलवली, बाटली पर्समध्ये घातली आणि विचारलं, "याला आता काय द्यायचं ते सांगा. मला यातलं काही येत नाय असं समजून सांगा."

त्या दिवसापासून त्या शिकायला लागल्या. गाजर बंद, बिस्किट बंद, ब्रेड घरात दिसेनासा. चिकूपुढे सुकं गवत सतत, दिवसभर, हवं तेवढं. लहान आहे तोवर जोडीला गुरांना घालतात तो लसूणघास, थोडा, वाळवलेला. हिरवं काही द्यायचं ते मोठा झाल्यावर, एका वेळी एकच, तेही चिमूटभर. कोथिंबिरीची पहिली काडी त्यांनी त्याला दिली त्या दिवशी मी खाली चहाला होते. चिकूनं ती दोऱ्यासारखी आत ओढली आणि पुढची मागायला उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, "नाय. उद्या तुझं पोट काय म्हणतंय ते बघू, मग." आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन त्या पिंजऱ्यापुढे गुडघ्यावर बसल्या होत्या.

त्या बॅटरीचा एक किस्सा आहे. एका पहाटे बॅटरीच्या उजेडात त्यांना दिसलं, की चिकू मान खाली घालून आपलीच मऊ लेंडी खातोय. आयुष्यभर स्वच्छतेवर जगलेली बाई. त्यांनी ते झटकन पुसून घेतलं, पिंजरा धुतला, चिकूचं तोंड ओल्या कापसानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. त्या त्याच्या मागे कापूस घेऊन आणि तो त्यांच्यापासून लपून. शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन करून हळू आवाजात, दार लावून घेऊन, ही गोष्ट सांगितली. पलीकडून डॉक्टर खूप हसल्या म्हणे. ती लेंडी वेगळी असते, त्यातच सगळं सत्त्व असतं, ती त्याला परत खावीच लागते, नाहीतर अशक्त होईल, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवून सिस्टर बाहेर आल्या आणि चिकूला म्हणाल्या, "खा बाबा. माझी मेलीची अक्कल."

गवताचा प्रश्न मोठा होता. शहरात मिळायचं ते एक तर ओलं, नाहीतर धुळीनं भरलेलं. कुणीतरी सांगितलं, की दौलताबादकडे एका शेतकऱ्याकडे चांगलं वाळलेलं मारवेल गवत आहे. सिस्टर बसनं गेल्या, मोकळं पोतं घेऊन. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. शेतकऱ्यानं पोत्यात गवत भरता भरता सहज विचारलं, "म्हस किती दूध देती?"

"म्हस नाय. ससा हाय," सिस्टर म्हणाल्या.

तो थांबला. पोत्याकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. "एका सशासाठी बसनं आलात व्हय?"

"त्याला दुसरं काही चालत नाय ना."

मग त्यानं पोतं पायानं दाबून दाबून भरलं. पुढच्या वेळेपासून तो मातीशिवायचं, लांब काड्यांचं गवत शेडात वेगळं काढून ठेवायचा. सिस्टर जाऊन आल्या की त्या दिवशी बोलक्या असत. त्याच्या बायकोनं चहा दिला, त्याच्या सुनेचं बाळ अंगावर पितंय का ते बघितलं, बाळाला घुटी देऊ नका म्हणून सांगितलं. पोत्यापेक्षा हे सगळं त्या जास्त वेळ सांगायच्या. मला तेव्हा वाटलं, की गवत जवळपास मिळालं असतं तर त्यांना फारसा आनंद झाला नसता.

हळूहळू गल्लीत कळलं, की सिस्टरांकडे ससा आहे आणि तो चांगला वाढलाय. मग लोक आपापली पिल्लं घेऊन यायला लागले. बहुतेकांची कहाणी सारखीच. बाजारातून आणलं, पोरांनी लाड केले, आता खात नाही. सिस्टर आता स्वतःच्या मनानं कुणालाही औषध देत नसत. पोट बघायच्या, कान लावायच्या आणि पहिला फोन डॉक्टर शेखना करायच्या.

योगेश नावाचा मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक जण बुटाच्या खोक्यात पिल्लू घेऊन आला होता. घरी मुलीचा वाढदिवस झाला होता, पाहुण्यांनी पिल्लाला केक चारला होता. सकाळपासून ते एका जागी बसून होतं, लेंडी नाही, दात कराकरा वाजवत होतं. सिस्टरांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. आतून काही आवाज नव्हता. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला लावली आणि रिक्षा करून ते डॉक्टरांकडे नेलं. सलाईन झालं, इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सिस्टर दुपारभर त्याच्या पोटावरून हात फिरवत बसून राहिल्या. योगेश त्यांच्या शेजारी. त्यानं विचारलं, "सिस्टर, नाहीच वाचलं तर पोरीला काय सांगू? पळून गेलं म्हणू का?"

"जे झालं तेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "वार्डात मी कुठल्या आईला खोटं नाय सांगितलं. खोटं सांगितलं की माणूस वाट बघत बसतं."

संध्याकाळी मी बँकेतून आले तर त्यांनी मला जिन्याशीच अडवलं आणि मूठ उघडून दाखवली. तळहातावर मोहरीपेक्षा जरा मोठ्या चार-दोन लेंड्या होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "चालू झालं बघ पोट," म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मला मॅडम म्हणणं सोडून वैशाली म्हणायला लागल्या.

मला वाटतं, योगेशला जे सांगितलं तेच त्यांच्या मनाला लागून राहिलं असावं. कारण लाडू गेल्याचं त्यांनी सान्वीला अजून सांगितलं नव्हतं. रोजच्या कॉलवर त्या चिकूला दाखवायच्या आणि लाडू झोपलाय म्हणायच्या. पोर विश्वास ठेवायची. योगेशचं पिल्लू बरं होऊन घरी गेलं, त्यानंतर एका रविवारी त्यांनी ठरवून सान्वीला फोन लावला. मी त्या रविवारी नांदेडला गेले नव्हते. त्यांनीच मला जवळ बसायला सांगितलं.

"सान्वी बेटा, लाडू झोपलेला नाय," त्या म्हणाल्या. "तो मेला. तुम्ही गेल्यावर लगेच. त्याला बरं वाटावं म्हणून मी औषध दिलं, ते चुकीचं होतं. माझ्यामुळं गेला."

पडद्यावर सान्वीचा चेहरा हलला नाही. तिनं विचारलं, "मग तू खोटं का सांगत होतीस?"

"मला भ्या वाटलं."

सान्वी उठून गेली. फोन तसाच सोफ्यावर पडून राहिला, पडद्यावर नुसतं छत. थोड्या वेळानं प्रज्ञानं तो उचलला. ती रागावली नव्हती, थकली होती. "मम्मी, लहान आहे गं ती. कामून सांगितलंस?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर सान्वी फोनवर येईना. कधी ट्यूशन, कधी डान्स, कधी नुसतंच नको म्हणते. सिस्टर मात्र ठरलेल्या वेळेला फोन लावत आणि पलीकडून उचलला गेला की कॅमेरा चिकूकडे धरत. चिकू गवत खातोय, चिकू उड्या मारतोय. मोबाइल त्यांच्या हातात असे आणि त्या त्याच्या मागे. एकदा मी खाली होते तेव्हा प्रज्ञानं मला नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, मम्मीला जरा दाखवा ना. मला रोज ससाच दिसतो." मी सिस्टरांच्या हातातला फोन फिरवायला गेले, तर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला काय बघायचं."

त्यांना बघायला हवं होतं, हे पुढच्या उन्हाळ्यात कळलं. त्या वाळत चालल्या होत्या. स्वयंपाक असा करतच नसत. चिकूसाठी कोथिंबीर निवडून, धुवून, पुसून ठेवत आणि आपण उभ्या उभ्या चहात टोस्ट बुडवून खात. एकटीसाठी कुकर कशाला लावायचा, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. मी भाजी नेऊन दिली की घेत, दुसऱ्या दिवशी डबा घासून परत देत, पण खाल्ली का विचारलं तर चिकूनं आज काय खाल्लं ते सांगत. गुडघेदुखीच्या गोळ्या त्या रिकाम्या पोटी घेतात, हे मला माहीतच नव्हतं. पोटात आग पडते हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

ऊन चढलेलं असताना त्या गवत आणायला दौलताबादला गेल्या आणि परतीच्या बसमध्ये चक्कर येऊन पडल्या. कंडक्टरनं त्यांच्या मोबाइलवरून शेवटचा नंबर लावला, तो प्रज्ञाचा होता. प्रज्ञानं मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्या दवाखान्यात कॉटवर होत्या, रक्त खूप कमी झालेलं, पोटात व्रण. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पोतं कुठंय?" कंडक्टरनं ते रिक्षात घालून बरोबर पाठवलं होतं. पलंगाखाली होतं.

प्रज्ञा संध्याकाळच्या विमानानं आली. सान्वीला घेऊन आली होती. सान्वी आजीच्या पायाशी उभी राहून सलाईनच्या नळीकडे बघत होती. मग जवळ गेली आणि नळी लावलेल्या हाताला नुसतं बोट लावलं. 

डॉक्टर येऊन गेल्यावर प्रज्ञा कॉटच्या कडेला बसली आणि म्हणाली, "सशाच्या पोटात काय चाललंय ते तुला बाहेरून कळतं, मम्मी. तुझ्या पोटातलं मला बंगळुरूत बसून कसं कळणार?"

सिस्टरांनी भिंतीकडे तोंड वळवलं. म्हणाल्या, "येते मी तुझ्याकडं."

चिकूला डॉक्टर शेखनी घरी ठेवून घेतलं. त्यांच्या अम्मी घरी असत, त्यांना जनावरांची आवड होती. सिस्टरांनी अम्मींपुढे बसून सगळं सांगितलं. सकाळची मऊ लेंडी खाऊ द्यायची, लाडानं गोड द्यायचं नाही, एक वेळ जरी गवताला तोंड लावलं नाही तरी डॉक्टरना उठवायचं. अम्मी प्रत्येक गोष्टीला हां हां म्हणत होत्या. चिकू नव्या फरशीवर घसरत घसरत खोली हुंगत फिरत होता. सिस्टर त्याला उचलायला वाकल्या, मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नको. फिरू दे त्याला." रिक्षात बसल्यावर त्या रिकाम्या टोपलीत अडकलेल्या काड्या एकेक करून बाहेर टाकत राहिल्या.

वर्षभरानं बँकेच्या ट्रेनिंगसाठी मी बंगळुरूला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. मोठी सोसायटी, उंच इमारती, फाटकावर नाव-गाव विचारणारे पहारेकरी. प्रज्ञा ऑफिसात होती. सिस्टर मला खालीच बागेत भेटल्या. तब्येत चांगली सुधारली होती, गाल भरले होते. प्रज्ञानं जेवणाच्या वेळा मोबाइलवर लावून दिल्या होत्या, घंटा वाजली की जेवायचं. स्वयंपाकाला बाई होती, ज्वारीचं पीठ मिळत होतं. सान्वी उंच झाली होती. ती सायकलवरून मैत्रिणींबरोबर गेली, आजीला हात केला, मला ओळखून हसली आणि पुढे निघून गेली. डॉक्टर शेख चिकूचे फोटो पाठवतात, तो चांगला जाडजूड झालाय, असं सिस्टरांनी सांगितलं. फोटो दाखवले नाहीत, मीही मागितले नाहीत.

"करमतं का इथं?" मी विचारलं.

"सगळं चांगलंय वैशाली. लेक चांगली, जावई चांगला. मला काय कमी नाय." मग म्हणाल्या, "फक्त बोलायचं असलं तर सकाळी लवकर उठावं लागतं. नंतर सगळे आपापल्या कामाला जातात."

मी तिथं असतानाच एक म्हाताऱ्या बाई येऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. तमिळ असाव्यात. सिस्टरांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना सिस्टरांची. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्ध्या फोडी सिस्टरांच्या हातावर ठेवल्या. सिस्टरांनी त्यातल्या दोन मला दिल्या. आम्ही तिघींनी मिळून संत्रं खाल्लं. मग त्या बाईंना वरून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

माझी टॅक्सी आली. सिस्टर फाटकापर्यंत आल्या, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि नांदेडच्या सगळ्यांना जय भीम सांग म्हणाल्या. गाडी वळताना मी मागच्या काचेतून बघितलं. त्या बाकाकडे परत गेल्या होत्या. बाक पूर्ण रिकामा होता, पण त्या मधोमध बसल्या नाहीत. शेजारी आणखी कुणी बसू शकेल एवढी जागा सोडून, एका कडेला बसल्या होत्या.